तीन वाजताची फर्माईश

आर्कान्सामधल्या हार्लो गावात पाद्री स्ट्राउड यांच्या स्वयंपाकघरात एक रेडिओ होता. त्यावर दोनच गोष्टी लागत: कापसाचे भाव आणि रविवारचं प्रवचन. काटा वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला. तो हलवायचा असतो हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

१९५५च्या जूनमध्ये तो हलवला पाद्रीबाबांच्या अकरा वर्षांच्या व्हर्नानं. आधी नुसती खरखर आली. मग पियानो आला. पण असा, की कुणीतरी त्याला जिन्यावरून ढकलून दिलाय आणि तो गडगडत येता येता ताल धरतोय. व्हर्नाच्या अंगावर काटा आला.

इस्त्री करणारी ओडेसा शर्टावर खळीचं पाणी शिंपडत होती. ती काळ्यांच्या वस्तीतून मंगळवारी आणि शुक्रवारी यायची.

"मिस व्हर्ना, काटा होता तिथं ठेवा. तुमच्या डॅडींना कळलं तर माझी कातडी सोलतील."

"त्यांना कोण सांगणार?"

"देवाचा माणूस तो. देवच सांगेल की."

पण टेबलाखाली ओडेसाचा पाय ताल धरत होता. व्हर्नानं तो पाहिला, आणि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन वाजता, मेम्फिसहून फर्माईशी. लोक पोस्टकार्डं पाठवत. निवेदक वाचून दाखवी, कुणाकडून कुणासाठी. कार्यक्रम संपला की व्हर्ना काटा जागच्या जागी नेऊन ठेवी.

ऑगस्टात एकदा ती विसरली. पाद्रीबाबांनी भाव ऐकायला बटण फिरवलं आणि आतून सॅक्सोफोन किंचाळला.

"कुणाचं काम हे?"

व्हर्नानं तोंड उघडलं. हाताशी होतं ते नाव बाहेर पडलं.

"ओडेसाचं."

त्या चर्चमध्ये रिवाज होता. पापातून सुटलेल्यानं रविवारी सर्वांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. वडिलांनी तिला उभं केलं. दोन वाक्यांत भागलं असतं. पण पहिल्या वाक्याला बाकांवरून "आमेन" आलं, दुसऱ्याला त्याहून मोठं, आणि व्हर्नाला गोडी लागली. ओडेसानं आपल्याला नाचायला लावलं, प्रार्थनेला ती हसते, असं एकेक ती जोडत गेली. पुढच्या बाकावरची बाई रडली. व्हर्नाला फार बरं वाटलं. पुढं जन्मभर तिला लाज वाटली ती मुख्यतः या बरं वाटण्याची.

त्या दिवसापासून गावातल्या एकाही गोऱ्या घरानं ओडेसाला काम दिलं नाही. शनिवारच्या बसनं ती बहिणीकडे शिकागोला निघणार, असं कानावर आलं. पाद्रीबाबांनी रेडिओचे व्हॉल्व्ह उपटून संडासाच्या खड्ड्यात टाकले. रिकामी पेटी तेवढी राहिली. आईनं तिच्यावर पिठाचा डबा ठेवला.

मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात तापल्या खळीचा वास आला. इस्त्री तर फडताळात थंड पडलेली. मग पेटीची काच पिवळी उजळली. व्हर्नानं वायर पाहिली. ती खिळ्याला गुंडाळलेली होती.

"पहिली फर्माईश चर्च स्ट्रीटवरच्या एका मुलीची," निवेदक म्हणाला. "कार्ड अजून आलेलं नाही. थांबू या."

आणि तो थांबला. अर्धा तास नुसता त्याचा श्वास. आई आली, पीठ काढून घेऊन गेली. तिला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी व्हर्नानं कार्ड लिहिलं: 'काटा मी फिरवला. ओडेसाचा दोष नाही. साक्ष खोटी होती.' डॅडींना सांगण्यापेक्षा मेम्फिसला सांगणं सोपं. पण पत्रपेटीपर्यंत जाऊन ती तीनदा माघारी आली. शुक्रवारी तीन वाजता ती चर्चच्या मागं कानांत बोटं घालून बसली.

शनिवारी ती बसथांब्यावर गेली. मागच्या बाजूला, काळ्यांसाठीच्या बाकावर ओडेसा पुठ्ठ्याची बॅग घेऊन बसली होती.

"ओडेसा, मला..."

"ऐकलं काल रेडिओवर. सगळ्या वस्तीनं ऐकलं. कार्ड नाही वाचलं त्यानं, तूच बोललीस. तुझाच आवाज."

ओडेसानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. व्हर्नानं खिसा चाचपला. कार्ड खिशातच होतं.

"मग आता तू जाऊ नकोस."

"वस्तीनं कुठं काढलं मला, पोरी? ज्यांनी काढलं ते हे स्टेशन लावत नाहीत." ओडेसानं घड्याळाकडे पाहिलं. "बसला वीस मिनिटं आहेत. घर तुझं पाच मिनिटांवर. डॅडींना एक वाक्य सांग. मी बसलेय इथं."

व्हर्ना धावत सुटली.

वडील स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या शेजारी पेटीची काच उजळलेली होती.

'काटा मी फिरवला,' आतून व्हर्नाचाच आवाज म्हणत होता. 'ओडेसाचा दोष नाही.' आणि पुन्हा पहिल्यापासून.

"कुठं होतीस?" वडिलांनी विचारलं.

आईसारखंच यांनाही ऐकू येत नाही, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं.

"कुठं नाही. मागच्या अंगणात."

थोड्या वेळानं, वळणावर बसनं गिअर बदलल्याचं ऐकू आलं.

"हं," वडील म्हणाले. वर्तमानपत्रातून डोळे न काढता त्यांनी हात लांबवला, आणि त्या रिकाम्या पेटीचा आवाज जरा कमी केला.