रिकामी मूठ

१९९८ साली मी तारापूर एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत संगणकाचं काम करत होते. कामगारांचे हात तेलाने, रंगाने माखलेले असायचे, त्यामुळे माऊस चार दिवसांत चिकट व्हायचा. म्हणून आम्ही मॉनिटरवर कॅमेरा बसवला. त्याच्यासमोर हात हलवला की पडद्यावरचा पांढऱ्या रेषांचा हातही तसाच हलायचा. त्याला दोनच आकार येत होते, उघडा पंजा आणि मूठ. दोन्ही मीच काढलेले.

बाबा आदल्या वर्षीच्या वादळात बोटीवरून पडले, ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून आई समुद्राकाठचं घर सोडून सालवडला माझ्या खोलीवर राहत होती. दोन घास चिवडून ताट सरकवायची. बांगड्या काढलेले हात इतके वाळले होते की मला त्यांच्याकडे पाहवत नसे. तिचं मन रमावं म्हणून एका रविवारी दुपारी मी तिला ऑफिसात नेलं.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. पडद्यावरचा हात आपलं ऐकतो म्हटल्यावर तिला गंमत वाटू लागली. चित्रं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेकू लागली. जन्मभर मासळी विकलेले हात ते, माझ्यापेक्षा चपळ. मग सहजच तिने मनगट फिरवलं. बोट किनाऱ्याला येताना काठावरच्या बायका हाताने असंच विचारतात, काय मिळालं?

पडद्यावरच्या हाताने नक्कल केली नाही. त्याने मूठ वळली.

बोटीवरून कुणी मूठ दाखवली म्हणजे बोट रिकामी.

मी कॅमेऱ्याची वायर तपासू लागले. आई मात्र हसत होती. बाबा नेहमी आधी मूठ दाखवायचे. तिने शिव्या घातल्या की मग खरं सांगायचे.

"लाज नाय वाटत, पोरीसमोर खोटं बोलता?" ती पडद्याला म्हणाली. "खरं सांगा."

मूठ उघडली. बोटं सैल होऊन खाली लोंबली, डुलू लागली.

तो आकार मी काढलेला नव्हता.

"बोंबील," आई म्हणाली. "टोपल्या पुरायच्या नाय."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले, टेबल घट्ट धरून. बराच वेळ ती हातांनी विचारत राहिली, तिकडून उत्तरं येत राहिली. एका उत्तरावर ती लाजली. मी अर्थ विचारला तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

शेवटी पदर खोचून उठली. "चल गो नलू, भूक लागली. बाजारातून ताजे बोंबील घेऊ."

जिन्यात ती वॉचमन नवशाला काहीतरी सांगत हसत होती. मी मॉनिटर बंद करायला वाकले.

कॅमेऱ्यासमोर कोणीच नव्हतं. हात पडद्याच्या कडेशी आला होता आणि पाण्यातून बोटीची कड शोधावी तशी ती कड चाचपत होता.

एकेक करून चारही बोटं काचेबाहेर येऊन मॉनिटरच्या चौकटीवर वळली.

बटणाकडे नेलेला हात मी मागे घेतला.

मॉनिटर माझ्या बाजूला किंचित कलला.