डावी काच, उजवी काच

दुकान बंद व्हायला आलं असताना तो आत शिरला. चष्म्याची एकच दांडी कानावर, दुसरी बाजू हाताने धरलेली.

"चष्मा धरलाय की सलाम ठोकताय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सैन्यात दोन्ही कामं एकाच हाताला असतात," तो हसला. बिनतारी संदेशांच्या तुकडीत होता, सुटीवर आला होता.

नवी दांडी बसवून चष्मेवाल्याने ती त्याच्या कानामागे सारखी केली. बोटं तिथे जरा जास्तच रेंगाळली...

"श्वास जपून. काचेवर वाफ धरतेय."

"तुम्ही इतक्या जवळ आलात, त्याला मी काय करू?"

सुटीच्या उरलेल्या दिवसांत ती दांडी रोज ढिली होऊ लागली. गल्ल्यावरून वहिनी हाक मारायची, "भाऊजी, तुमचा बिनतारीवाला आला. आज कुठला स्क्रू पडला, विचारा!"

शेवटच्या संध्याकाळी, काचा घासायच्या चाकामागे, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"आमची पत्रं फोडून वाचतात," तो पुटपुटला. "दोन पुरुषांचं असं काही सापडलं, तर थेट तुरुंग."

"मग चष्म्याबद्दलच लिही."

लढाई पेटली. पत्रं येत राहिली. 'संध्याकाळी डोळे फार दुखतात.' उत्तर जाई, 'दुखणारच. इथेही तीच तक्रार आहे.'

मग चष्मा फुटल्याचं कळलं. नवा पार्सलने गेला, आणि काही आठवड्यांनी परत आला. पार्सल वहिनीने उघडलं. आत चिठ्ठी होती: 'डाव्या डोळ्याची काच उजवीकडे लागली आहे. जग वाकडं दिसतं. तरी बरेच दिवस काढवला नाही.'

दोन दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने चिठ्ठी चष्मेवाल्यापुढे ठेवली.

"भाऊजी, ही चूक तुमच्या हातून आजवर झाली नव्हती."

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली.

"समोर बसलेल्याचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. चष्मा तुम्ही स्वतः घालावा तसा धरलात, पण मनाने त्याला समोर बसवून काचा लावल्यात."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घर, दुकान... सगळं आता वहिनीच्या जिभेवर होतं. आणि तिकडे आघाडीवर असलेला तोसुद्धा.

"वहिनी — दादाला..."

"तुमच्या दादांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही, हे कुठलं दिसायला!" मग ती हळू आवाजात म्हणाली, "दोन दिवस चिठ्ठी माझ्याजवळ आहे. राग आला, भीती वाटली. आज तुम्हाला जेवताना पाहिलं. घास हातातच होता." तिने कोरा कागद ओढला. "बायकांनी धाडलेली प्रेमपत्रं तिकडे वाचतात, हसतात आणि पुढे पाठवतात ना? मग तुमचं पत्र माझ्या अक्षरात जाऊ दे."

"काय लिहायचं?"

"ते मला कसं ठाऊक? सांगा. आणि चष्म्याचं अवाक्षर नको."

त्याला लाज वाटू नये म्हणून तिने तोंड खिडकीकडे वळवलं. पेन मात्र कागदावर टेकलेलं होतं.

"लिहा," तो म्हणाला. "माझं... माझं तुझ्यावर प्रेम आहे. जिवंत परत ये."

पेन करकरलं, थांबलं.

"एवढंच?" वहिनी म्हणाली. "इतक्या लांब जाणार पत्र. दोन पानं तरी भरू देत. बोला पुढे."

आणि तो बोलू लागला.