लाल डब्यातलं शेवटचं कार्ड

एका लाल डब्यावर दोन हात पडले… आणि तेही एकाच क्षणी!

एक हात बोटं कापलेल्या लोकरी मोज्यातला, बुरुलायचा. दुसरा वाऱ्यानं रापलेला, लांब बोटांचा, आणि तो कुणाचा हे तिला अजून माहीत नव्हतं. बाहेर बिश्केकच्या आभाळातून अर्धा पाऊस, अर्धा बर्फ असं काहीतरी भुरभुरत होतं आणि कॉम्प्युटर बाजाराच्या पत्र्यावर त्याची हलकी टपटप चालली होती.

"माझा हात आधी पडला," दोघंही म्हणाले.

दुकानाची मालकीण तुर्सुनाय खो-खो हसली. अख्ख्या रांगेची ती थोरली बहीण होती, म्हणून लहानथोर सगळे तिला एजे म्हणत. "भांडा, भांडा! पण डबा फाडू नका. शेवटचा आहे. पुढचा माल तीन आठवड्यांनी."

बुरुलायनं हात काढला नाही. त्यानंही नाही. मग तिनं वर पाहिलं. त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण वितळत होते आणि डोळ्यांत… हसू? तिला कुणी हसलेलं खपत नसे. डोंगराळ नारीन भागातली मुलगी ती, नाकावर माशी बसू न देणारी!

"एजे," ती दुकानदारणीकडे वळली, "हे ग्राफिक्स कार्ड मी घेणार. याच कार्डासाठी आलेय."

"अगं, पण लालच का? दुसऱ्या कंपनीचं हिरवं घे ना. सगळे हिरवंच नेतात. चित्रं तर ते याच्याहून भराभर काढतं."

"काढतं, मान्य. पण त्याला चालवणारा ड्रायव्हर कंपनीच्या कुलुपात. माझं मशीन विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतं. लालचा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातच असतो, उघडा. कुणाच्या दारात किल्ली मागायला जावं लागत नाही."

"किल्ली मागायला काय होतं?"

"मी मागत नाही," बुरुलाय म्हणाली.

हे नुसतं बोलणं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तिनं जाहिरातींच्या स्टुडिओतली नोकरी सोडली होती. तिथं सगळं काम चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर चालायचं. 'मी चोरीच्या वहीत चित्रं काढणार नाही,' असं तिनं साहेबाला तोंडावर सांगितलं. 'स्वतःच्या हिमतीवर एक तरी फिल्म पुरी करून दाखव,' असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाला. झालं! आठ मिनिटांची फिल्म तयार झाली होती. बर्फात कळपामागे राहिलेल्या याकच्या पिल्लाची गोष्ट, प्रत्येक केस तिनं स्वतः बसवलेला. फक्त तिची साडेअकरा हजार चित्रं मशीनकडून रंगवून घ्यायची बाकी होती. जुन्या लॅपटॉपला त्यासाठी अडीच महिने लागले असते. अल्माटीच्या बालचित्रपट महोत्सवाची मुदत मात्र पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहाला संपत होती. आज सोमवार होता, म्हणजे हातात नऊ दिवस. त्यात कार्ड मिळालं नाही, तर साहेब खरा ठरणार होता.

"तुम्हाला कशाला हवंय?" तिनं त्या लांब बोटांच्या माणसाला विचारलं.

"हिमनद्या मोजायला. उपग्रहाच्या फोटोंवरून बर्फ किती घटला ते काढतो. माझंही लिनक्सच आहे." तो जरा थांबला. "आणि तुम्हाला?"

"याच्या फिल्मला. साडेअकरा हजार चित्रं, पुढच्या बुधवारपर्यंत," म्हणत तिनं वही उघडून समोर धरली. पानावर याकचं पिल्लू होतं. पाय फाकलेले, नाकावर बर्फ, चेहऱ्यावर भलताच तोरा. तो बघत राहिला… मग त्यानं डब्यावरचा हात अलगद उचलला.

"घ्या."

"दया नकोय मला."

"दया कसली? हिमनदी आणखी तीन आठवडे थांबेल. मुदत तिला नाही, तुमच्या पिल्लाला दिसतेय." मग तो डोळे मिचकावून म्हणाला, "शिवाय हात तुमचाच आधी पडला. अगदी केसभर. मी पाहिलं."

तो धडधडीत खोटं बोलत होता. ते तिलाही कळत होतं, आणि तिला ते कळतंय हे त्यालाही! बुरुलायच्या गालांवर थंडीनं आली नव्हती अशी लाली आली. रागच आला तिला त्या लालीचा.

"एकच विचारू?" तो म्हणाला. "लिनक्स कुठलं वापरता?"

"सगळ्यात स्थिर असतं ते. दोन वर्षांत एकदाही पडलेलं नाही!"

"अच्छा… पण मग या कार्डाला—"

"हे बघा," तिनं मान ताठ केली, "इतकी वर्षं मला या बाजारात जो भेटला त्यानं शिकवलंच. मशीन मी निवडलंय, स्क्रू मी फिरवणार, चालवणार मी. शिकवू नका."

त्यानं तोंड मिटलं. मग पावतीच्या मागे आपलं नाव आणि फोन नंबर लिहून दिला. "शिकवत नाही. पण कधी चहा प्यावासा वाटला तर. आम्ही दक्षिणेतल्या आर्सलानबोबचे, आमच्याकडे चहा बरा असतो."

कुबात. अक्षरही लांबट होतं त्याच्या बोटांसारखं. पावती फाडून टाकायचा मोह तिला बसमध्ये तीनदा झाला. पण कार्डाची वॉरंटी त्याच पावतीवर होती… निदान तिनं मनाला तसं सांगितलं.

मशीन तिनं एकटीनं जोडलं. एकेक तार शिस्तीत बांधली, शेवटी कार्ड खाचेत दाबलं, 'टक्' असा गोड आवाज झाला. बटण दाबताच पंखे फिरले, पडदा उजळला. बुरुलायनं स्वतःशीच टाळी वाजवली! पण अक्षरं भलीमोठी दिसत होती, चौकोनी, फाटकी. चित्रांच्या प्रोग्रामनं कार्ड शोधून पाहिलं आणि शांतपणे कळवलं की कार्ड सापडलं नाही.

मंगळवार तारा बदलण्यात गेला. बुधवारी तिनं सगळं सुटं करून पुन्हा जोडलं. फोनकडे हात जायचा… आणि परत यायचा. काय सांगणार? 'शिकवू नका म्हटलं होतं, आता शिकवा'? त्यापेक्षा कार्डच बिघडलेलं असणार! गुरुवारी सकाळी डबा काखेत मारून ती बाजारात थडकली.

नशीब बघा कसं असतं! दुकानात कुबात उभा होता, एका हातात मटण भरलेला गरम सामसा, दुसऱ्यात कार्डाचा पंखा. लाल कार्ड हातचं गेल्यावर त्यानं कुठल्याशा बिटकॉइन खणणाऱ्याचं जुनं, झिजलेलं कार्ड घेतलं होतं. ते इतकं घरघरायचं, की शेजारणीला वाटलं यानं पिठाची गिरणी घातली.

"एजे, बिघडलेलं कार्ड दिलंत मला!"

तुर्सुनाय एजेनं कार्ड उचललं, आपल्या मशीनमध्ये बसवलं, बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला. कार्ड धावत होतं, अगदी दृष्ट लागावी असं! शेजारच्या दुकानातले दोघं मान लांब करून बघत होते. एकजण फिस्सकन हसला. "मुलींनी आपला तयार कॉम्प्युटर घ्यावा."

बुरुलायचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं चोरट्या नजरेनं पाहिलं. सगळे हसत होते, फक्त कुबात हसत नव्हता. त्यानं सामसा खाली ठेवला, हात पुसले, आणि तिच्या बाजूला येऊन हळूच विचारलं,

"हे कार्ड बाजारात कधी आलं?"

"या वसंतात."

"आणि तुमचं ते स्थिर लिनक्स?"

"दोन वर्षां…"

शहाण्याला शब्दाचा मार! बुरुलायनं कपाळावर हात मारून घेतला. ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात असतो, खरं. पण तिच्या लिनक्सचं पोट दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा हे कार्ड जन्मालाच आलं नव्हतं, ते त्याला ओळखणार कसं? ज्या स्थिरपणाचा ती तोरा मिरवत होती, त्यानंच घात केला होता. आतला गाभा, म्हणजे कर्नल, तेवढा नवा आणला की झालं. आणि तो फुकट होता, उघडा होता, एका आज्ञेवर येणारा होता. हिरवं कार्ड घेतलेला कंपनीकडून नवा ड्रायव्हर उतरवतोच, त्याच्या हातून ही चूक व्हायचीच नाही. ही चूक खास तिच्यासारख्यांची!

"तुम्हाला ठाऊक होतं," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"सोमवारीच."

"मग बोलला का नाहीत?"

"शिकवू नका म्हणालात ना."

"म्हणून माणसानं इतकं ऐकायचं?"

"बोलीवरून तुम्ही नारीनच्या. नारीनच्या बाईचं नाही ऐकायचं, तर कुणाचं?" तो हसला, पण लगेच खाली बघू लागला. "खरं सांगू? तीन दिवस फोनकडे बघत बसलो होतो. वाटायचं, अडेल तेव्हा करेल. चूक झाली. तुमचे तीन दिवस गेले… माझाही ताठाच तो. माफ करा."

इतक्या सरळ कुणी तिची माफी मागितली नव्हती. स्टुडिओत चार वर्षांत नाही, बाजारात तर नाहीच. आणि त्यानं उत्तर दिलं नव्हतं, फक्त प्रश्न विचारला होता. चारचौघांत हसं झालं खरं, पण उत्तर तिचं तिला सापडलं होतं. तिच्या गालांवर पुन्हा तीच लाली आली, आणि या वेळी तिला तिचा राग आला नाही.

"अहो-जाहो पुरे," ती डबा उचलत म्हणाली. "तू म्हण."

मग फिस्सकन हसलेल्या माणसाकडे वळून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "मुलींनी काय घ्यावं ते मुली ठरवतात. बुधवारी येऊन सांगेन."

दुपारी तीनला पहिलं चित्र पुरं झालं. बुरुलायनं फोन लावला.

"पाऊण मिनिट," ती एवढंच म्हणाली.

पलीकडे क्षणभर घरघर ऐकू आली. मग त्याचा आवाज, तिच्याहून जास्त आनंदलेला. "एका चित्राला? म्हणजे सहा दिवस… बुधवारी दुपारी तीन! बुरुलाय, पोचतंय तुझं पिल्लू!"

"पोचणारच. मी पाठवतेय."

पुढचे सहा दिवस मशीन गुणगुणत राहिलं. रोज संध्याकाळी ती फोनवर आकडा सांगायची, आणि आकड्यानंतर बोलणं संपायचं नाही.

"जेवलीस का?"

"नूडल्स."

"अरेरे. दक्षिणेत असतीस तर पुलाव मिळाला असता."

"दक्षिणेत पुलावाला हो म्हटलं की पोरीला सून म्हणून ठेवून घेतात म्हणे."

"नाही गं… आधी विचारतात."

यावर फोनमध्ये नुसते पंखे ऐकू यायचे. तिकडे घरघर, इकडे गुणगुण… आणि फोन कुणीच ठेवायचं नाही. 'येऊ का बघायला?' असं त्यानं मात्र एकदाही विचारलं नाही. "बोलावशील तेव्हा येईन," एवढंच तो म्हणाला होता.

बुधवारी तीनला शेवटचं चित्र उतरलं. बुरुलायनं फिल्म जोडली, एकदा सलग पाहिली, आणि पिल्लू वर चढून कळपाला गाठतं तिथं तिला रडू फुटलं. पाच वाजून दहा मिनिटांनी पोच आली, प्रवेशिका मिळाली म्हणून. तिनं ती पोच स्टुडिओच्या साहेबाला पाठवली, वर एक शब्दही न लिहिता. दोन मिनिटांत उत्तर आलं, "हरलो. शाब्बास." तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन लावला.

"ये."

कुबात आला तो टोपीवर बर्फ आणि हातात भरलेली पिशवी घेऊन. दारातच थांबला.

"हे काय?"

"अक्रोड. आमच्या झाडांचे. आईनं सांगितलं, नवी वस्तू पहिल्यांदा बघायला जातोयस, कोरुमदुक दिल्याशिवाय तोंड बघू नकोस."

ती किर्गिझ रीतच आहे. नवी सून असो, बाळ असो की नवं घोडं, पहिलं दर्शन रिकाम्या हातानं घ्यायचं नाही. पण कॉम्प्युटरला कोरुमदुक आणणारा हा पहिलाच असावा! बुरुलाय हसत सुटली. मग बाजूला सरून तिनं एखाद्या राणीसारखा हात पसरला.

"बघ. एकेक स्क्रू माझ्या हातचा."

त्यानं पाहिलं. वाकून, निरखून, कुठंही बोट न लावता. शिस्तीत बांधलेल्या तारा पाहिल्या, ते लाल कार्ड पाहिलं, जे त्याचं होता होता राहिलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "माझ्याकडे असतं तर इतकं देखणं बसलं नसतं. आणि इतकं मोठं काम त्याच्या हातून झालं नसतं. बुरुलाय, मला… मला तुझा फार अभिमान वाटतो."

तिच्या अभिमानाला आजवर सगळ्यांनी ताठा म्हटलं होतं. त्यात कुणी वाटेकरी व्हायला आलं नव्हतं.

"आईला माझ्याबद्दल काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं की एका मुलीनं माझं कार्ड पळवलं." तो अडखळला. "आणि म्हटलं की… कार्ड परत नकोय."

"मग काय हवंय?"

कुबातचे कान लाल झाले. खिडकीबाहेर बर्फ आता पुरता बर्फ होऊन पडू लागला होता. बुरुलायनं एक अक्रोड उचलला, दोन्ही तळव्यांत दाबून फोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"नीट ऐक. मी कुणाकडे काही मागत नाही, आजही मागणार नाही. नुसतं सांगतेय," ती म्हणाली. "मशीनचं दर्शन अक्रोडांवर भागलं. पण मला बघायला तुझी आई आली, तर अक्रोडांवर भागणार नाही."

कुबात बघतच राहिला. मुलगी पसंत पडली की मुलाची आई स्वतःच्या हातानं तिच्या कानांत झुमके घालते, आणि मग सोयरीक पक्की. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"म्हणजे… झुमके?" त्यानं हळूच विचारलं.

बुरुलायनं मान ताठ ठेवूनच केस कानामागे सारले.

"चांदीचे," ती म्हणाली. "आणि निवडणार मी."