नीलकेतूने कुणाला हाक मारली?

"पाचवा भाग नेताय? सांभाळून हं. तिसऱ्या भागात मेलेली राणी हेमप्रभा त्यात पंक्तीला जिलबी वाढते."

मी वळून पाहिलं. सिल्वासाचं आमचं वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि पेंगणारे गजाननराव. त्या बाकाशी एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्याच्या छत्रीचं पाणी थेट त्याच्याच चपलेवर गळत होतं आणि स्वारीला पत्ता नव्हता.

"जुळी बहीण असेल तिची," मी म्हटलं.

"मग राणीच्या हातावरचा भाजल्याचा डाग बहिणीच्या हातावर कसा?"

"दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक शिकल्या असतील."

तो इतक्या जोरात हसला, की गजाननराव दचकून जागे झाले. पुस्तक मात्र मीच नेलं.

हे अनंत. गुहागरचे, इथे जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून. मी नलिनी, मराठी शाळेतली दुसरीची बाई. साल होतं चौसष्ट. ‘नीलकेतू’ नावाची नऊ भागांची अद्भुत कादंबरी तेव्हा गावातले सगळे मराठी नोकरदार वाचत. आठ भाग आले होते, नववा यायचा होता. दुसरी करमणूक होती कुठे?

अनंतांनी तर कादंबरीकाराच्या चुकांची वहीच घातली होती. नीलकेतूचा तीळ दुसऱ्या भागात डाव्या खांद्यावर, सहाव्यात उजव्या. घोडा गडावरून पांढरा निघतो आणि खाली काळा पोचतो. पुस्तकातल्या त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलं, "वाटेत चिखल होता." चार दिवसांनी खाली उत्तर आलं, "मग बाईंनी घोडा धुवायला यावं. मी पाणी ओततो."

ते वाक्य मी किती वेळा वाचलं, ते सांगत नाही. पुस्तक परत करायला मात्र उशीर झाला.

पण खरा वाद एकच होता. नीलकेतू कुणाचा? पहिल्या भागात दोन वर्षांचं पोर नदीकाठी सापडतं. दोन नावा दूर चाललेल्या असतात. एकीत नावाडी, दुसरीत डोक्यावरून शेला घेतलेली बाई. पोर हात पसरून ओरडतं, "बा!" बस्स. पुढे सात भाग त्याच्या आईबापांचा ठावठिकाणा नाही.

"बा म्हणजे बाप. नावाड्याचा मुलगा तो," मी म्हणायचे.

"नावाड्याचं पोर असं राज्य करील? रक्त लपत नाही, नलिनीबाई."

"हो का? तुमचं रक्त काय म्हणतंय?"

"ते म्हणतंय…" त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. "आमलीपर्यंत सोबत चालावं."

भाद्रपदातला पाऊस, मध्येच ऊन. आमलीत, माझी मैत्रीण रजनी हिच्या आणि माझ्या खोलीपाशी पोचलो तेव्हा मी कोरडी होते आणि अनंतांचा अख्खा उजवा खांदा भिजला होता. "दिवाळीत आई येणार आहे," ते म्हणाले. "तिला सांगू का… तुमच्याबद्दल?"

"सांगा," मी म्हटलं, आणि पायऱ्या चढताना माझा सगळा आनंद गळून गेला. कारण त्यांची आई पहिल्यांदा कुळ विचारणार होती आणि माझ्याकडे ते नव्हतं.

मी सदाशिव मास्तरांना रेवसच्या धक्क्यावर सापडले. दोन वर्षांची असेन. मुंबईची लाँच नुकतीच सुटली होती. "तू हात पसरून ‘बा, बा’ करत होतीस," मास्तर सांगायचे. "बापाला शोधत्येस म्हणून मी सगळ्यांना विचारलं. कुणी पुढे येईना. मग मीच ओ दिली. झालं!" मास्तर बिनलग्नाचे. त्यांनी मला वाढवलं, शिकवलं, स्वतःचं नाव दिलं. जन्मभर मी त्यांना बाच म्हटलं. गेल्या वर्षी ते गेले. आणि मी इथे आले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

नीलकेतू नावाड्याचाच, म्हणून मी का भांडायचे, ते आता कळलं असेल.

आठवड्याने अनंत धापा टाकत वाचनालयात शिरले. "नलिनीबाई, कोडं सुटलं! आमलीच्या बाजारात एक पोर चुकलं होतं. ‘बा, बा’ करून रडत होतं. मी आपला बाप शोधतोय, तर धावत आली त्याची आई! दुकानदार शेठ मला हसले. म्हणाले, ‘अरे साहेब, बा एटले मा!’ गुजरातीत बा म्हणजे आई हो! आणि आपल्या कादंबरीकारांची निम्मी हयात सुरतेत गेली. ती शेलावाली राणीच. पोर आईला बोलावत होतं, आणि सगळे आपले नावाड्याकडे बघत बसले. केवढी चूक!"

बा हा शब्द मी बाजारात रोज ऐकत होते. म्हाताऱ्या बायकांना मानानं म्हणतात, असं समजत होते.

मी बाकावर बसले. माझे हात धक्क्यावर कुठल्या दिशेला पसरले होते? मास्तर हसत हसत शेकडो वेळा सांगायचे. "लाँचकडे, गं. वेडी कुठची!"

लाँच नुकतीच सुटली होती. एकाला, धक्क्यावर एकाला जरी गुजराती येत असतं, तरी त्यानं हात करून ती परत बोलावली असती. मग ती बाई, माझी आई, उतरली असती… किंवा नसतीही. मुद्दाम टाकलं असेल तर? तेही मला कधीच कळणार नव्हतं.

मी अनंतांना सगळं सांगितलं. लपवायची ताकदच उरली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आमलीपर्यंत पोचवलं. पाऊस होता. छत्री त्या दिवशी बरोबर मधोमध होती.

चार दिवसांनी ते शाळेच्या फाटकाशी आले. डोळे सुजलेले.

"आईला पत्र लिहितोय. मास्तरांच्या भावाची मुलगी म्हणू या? एवढंच तर बदलायचंय."

"डाव्या खांद्यावरचा तीळ उजव्यावर?"

"थट्टा नको, नलिनी." नावापुढचं ‘बाई’ गळलं होतं, आणि ते ऐकायला मी किती आसुसले होते! "आईला कुळ लागतं. मी काय करू?"

"तुम्हाला काय लागतं?"

ते चपलेने माती उकरत राहिले.

"एकदा नीट बघा माझ्याकडे," मी म्हटलं. "राणी नाही, कुणी नाही. नावाड्याच्या जागी एक मास्तर होते, तेवढेच. त्यांना पुसून टाकून मी तुमच्या घरात येणार नाही."

"मला… थोडा वेळ दे," ते म्हणाले. तो वेळ त्यांनी दमणला बदली मागून घेण्यात घालवला.

ते गेले त्या सकाळी मी मोटार स्टँडवर गेले. मानी माणसानं जाऊ नये, पण गेले. अनंत ज्यात बसले होते, वापीहून आलेल्या त्याच गाडीतून वाचनालयाचं पार्सल उतरलं. गजाननरावांनी तिथेच दोरी तोडली, नवव्या भागाचं शेवटचं पान काढलं आणि खिडकीकडे बघून ओरडले, "अनंतराव, जिंकलात हो! पोर राजाचंच!"

चुकांची वही मांडीवर घेऊन अनंत पेन्सिलीला टोक करत होते. गाडी घरघरली, हलली.

आणि मी भर स्टँडवर, शाळेची पोरं बघत असताना, हाक मारली. "अनंत!"

रजनी म्हणते, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. तिचं मन मोठं आहे. मी पाच हातांवर उभी होते. त्यांचा पेन्सिलीवरचा हात थांबला, ते मी पाहिलं. मान वळली नाही.

रेवसला मी हाक मारली ती भलत्याच माणसाला पोचली, तरी त्यानं ओ दिली होती. इथे हाक बरोबर माणसाला पोचली होती. वापीचा रस्ता पुन्हा रिकामा होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, कुणी ओ देतंय का ते ऐकत.