नावाची जागा कोरी

‘कँडिडेट’ या शब्दाच्या चिठ्ठ्या लावताना एक चिठ्ठी हातातून सटकली आणि उलटी पडली. पाठीवर समोरच्या टेबलावरच्या मिस्टर हॅलमचं अक्षर – ‘प्रिय –, सोमवारी मी डरहमला शिकवायला चाललोय. त्याआधी तुम्हाला विचारायचं होतं...’ पुढे काहीच नाही. आणि नावाच्या जागी नुसती रेघ!

आमच्या ऑक्सफर्डच्या शब्दकोशाच्या कचेरीत कागद वाया घालवणं म्हणजे पाप. फसलेल्या पत्राच्या पाठीवरही शब्द उतरवायचा. पण असलं पत्र? या वेंधळ्यानं तेही माझ्याच गठ्ठ्यात पाठवलं होतं.

आज शनिवार, एक वाजता कचेरी बंद. कोण ही प्रिय? संपादकांची भाची? मी असेन का? छे, मी कशाला असेन!

“काय गं, काय झालं?” शेजारच्या मिस पिमनं विचारलं. “रोममधले उमेदवार पांढरे कपडे घालून मतं मागायचे, त्यावरून हा शब्द आला. तू तर नुसती वाचूनच पांढरी पडलीस!”

अर्धवट चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे परत पाठवायची, हा आमचा नियम. मी लाल पेन्सिलीनं पत्राखाली लिहिलं, ‘अपूर्ण. नाव नाही.’ चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसले.

पावणेएकला तो उठला. कानापर्यंत लाल झालेला... सरळ माझ्याकडेच आला.

“मिस लाइल, ही... तुम्ही वाचलीत?”

“तपासणं माझं कामच आहे. कुणाचं नाव राहिलंय?”

“तुमचं.”

मिस पिम खोकली. मी एकदम रागावले. “मग लिहायला काय झालं होतं? आठ महिने समोर बसताय!”

“असलं पत्र आडनावानं कसं सुरू करायचं? आणि पहिलं नाव विचारायची हिंमत... हजार शब्दांची कुळं शोधली मी, पण तुमचं नाव काही –”

“मिलिसेंट,” मी म्हणाले. रडू आणि हसू एकदमच आलं.

“मिलिसेंट...” त्यानं हळूच म्हणून पाहिलं. “डरहमला थंडी फार असते, मिलिसेंट. तरीही –”

“हो.”

“अहो, पण मी अजून विचारलंच कुठंय?”

“मग विचारा लवकर! एक वाजायला आलाय.”