सगळे दिवे हिरवे

भिंतीवर एकजात सगळे दिवे हिरवेगार, आणि वर्गात एकीला सोडून कुणालाही धड पाणी मागता येईना! आता याला काय म्हणावं?

तन्मयी धानोरकरने कपाळावर हात मारून घेतला. खैरगावच्या शाळेतला सातवीचा वर्ग गेले दोन महिने तमिळ शिकत होता. रोज घसा कोरडा होईपर्यंत शब्द घोकून झाले होते. आणि आज परीक्षा कसली, नुसता सराव होता, त्यात सगळ्यांनी मिळून नाक कापून घेतलं होतं.

तमिळ कशासाठी, तर या वर्गाच्या ज्वारीसाठी. मुलांनी एका पेटीत ज्वारीचे दाणे रुजवण्याचा प्रयोग मांडला होता. वजनरहित अवस्थेत (जिथे वस्तूला स्वतःचं वजन जाणवत नाही अशा स्थितीत) मूळ कोणत्या दिशेला वळतं, हे त्यातून कळणार होतं. ती पेटी रॉकेटमध्ये बसून अंतराळात जायची होती, आणि ते रॉकेट उडताना बघायला अख्ख्या वर्गाला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बोलावलं होतं. आठवडाभर तिथल्या घरांमध्ये राहायचं, तिथलंच खायचं. पेटीची कल्पना तन्मयीची होती. तिने तर बॅगही भरून ठेवली होती.

"पण कानात दुभाष्या घातला की झालं ना!" असं सुरुवातीला सगळेच म्हणाले होते. हा दुभाष्या म्हणजे कानात बसणारं एवढंसं भाषांतरयंत्र. आता ते गावोगाव मिळत होतं. पण ते रेडिओलहरींवर चालतं, आणि उड्डाणाच्या आठवड्यात रॉकेटतळाच्या आसपास अशी सगळी यंत्रं बंद ठेवायचा नियम होता. म्हणजे जे काही बोलायचं ते आपल्याच तोंडाने. म्हणून ही तमिळ.

आज तिथल्या शाळेच्या, मुलांना राहायला घरं नेमून देणाऱ्या पूंगोदै टीचर पडद्यावर आल्या होत्या. वर्गाच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून त्यांनी एकेकाला व्हरांड्यातल्या पडद्यासमोर बोलावलं. निहालपुढे त्यांनी रिकामा पेला धरला आणि विचारलं, "उनक्कु एन्न वेणुम?" म्हणजे, तुला काय हवंय? निहालने पेल्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग खिडकीतून आत बसलेल्या तन्मयीकडे केविलवाणं बघितलं. शेवटी मराठीत म्हणाला, "मला चहा चालत नाही."

एकामागून एक सगळ्यांची तीच तऱ्हा. तन्मयी तेवढी फाडफाड बोलून आली. टीचर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग पडद्याचा दुभाष्या लावून त्या म्हणाल्या, "मी पंधरवड्याने पुन्हा येते. ज्या मुलांना भूक लागली हेसुद्धा सांगता येत नाही, त्यांना मी परक्या घरी कशी पाठवू? तेव्हाही असंच झालं, तर मला दुसरी शाळा निवडावी लागेल."

पडदा बंद झाला आणि वैरागडे मॅडमचा पारा चढला. त्या भाषेच्या शिक्षिका, आवाज खणखणीत. "सगळ्यांचे दिवे हिरवे! हिरवे म्हणजे येतंय! मग बाहेर गेल्यावर काय जीभ टाळ्याला चिकटते का रे तुमची? का हा डब्बाच खोटं बोलतोय?"

डब्बा म्हणजे 'स्मृतिसाथी', टेबलावर ठेवलेलं उजळणी घेणारं यंत्र. आकार थेट पाण्याच्या माठासारखा, म्हणून मुलांनी त्याचं नाव माठोबा ठेवलं होतं. कोणत्या मुलाला कोणता शब्द केव्हा विचारायचा हे तो ठरवायचा, नाव घेऊन विचारायचा आणि उत्तर ऐकून भिंतीवरचा त्या मुलाचा दिवा बदलायचा. हिरवा म्हणजे पक्कं, पिवळा म्हणजे डळमळीत, लाल म्हणजे विसरलं. मॅडमना एवढ्या पोरांचा वेगवेगळा हिशेब डोक्यात ठेवणं अशक्य, म्हणून तर तो आणला होता.

"उद्या परत पाठवते याला," मॅडम म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत सगळे डबे घेऊन पळाले. तन्मयी मात्र माठोबापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लाज नाही वाटत तुला?"

"मला लाज बसवलेली नाही," माठोबा नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला. "आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार? अरे, दोन महिने तू आमचं डोकं खाल्लंस! आज एक शब्द विचारतोस, उद्या तोच, मग चार दिवस गायब, मग आठवड्याने पुन्हा तोच! नीट ओळीने का नाही विचारत?"

"ते मुद्दाम आहे. त्याला अंतर-उजळणी (हळूहळू वाढवत नेलेल्या अंतराने केलेली उजळणी) म्हणतात. आपण ज्वारीच्या रोपांना पाणी केव्हा घालता?"

"माती सुकायला लागली की."

"माती ओली असताना?"

"तेव्हा कशाला? वाया जातं."

"आणि रोप पार वाळल्यावर?"

"मग काय उपयोग!" तन्मयी वैतागून म्हणाली. "तू मला शेती शिकवू नकोस."

"शब्दाचंही असंच असतं. नवा शब्द डोक्यातून भराभर निसटतो. निसटायच्या बेतात असताना तो ओढून आणला की पुढच्या वेळी जास्त दिवस टिकतो. म्हणून मी पुढचा प्रश्न जास्त अंतराने विचारतो. कुणाचा शब्द कधी निसटेल, याचा अंदाज मी त्याच्या आधीच्या उत्तरांवरून बांधतो."

"मोठा आलाय अंदाज बांधणारा! मग निहालला पाणी का नाही मागता आलं?"

"माझ्याकडच्या माहितीनुसार निहालने 'तण्णीर' हा शब्द प्रत्येक वेळी बरोबर सांगितला आहे. अगदी विनाविलंब."

"निहालने? विनाविलंब?" तन्मयीला हसावं की रडावं कळेना. निहालला स्वतःचं आडनाव सांगायलाही वेळ लागायचा. "ऐकव बघू मला."

माठोबाने साठवून ठेवलेला वर्गाचा आवाज लावला. आधी त्याचाच प्रश्न ऐकू आला, "निहाल, पाण्याला काय म्हणतात?" आणि त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत एक चिरका आवाज आला, "तण्णीऽऽर!" लगेच पाठोपाठ सगळ्या वर्गाचा गजर झाला, "तण्णीऽऽर!"

माठोबाने दुसरा दिवस लावला. प्रश्न कोमलला होता. तोच चिरका आवाज, तोच गजर. तिसऱ्या दिवशीही तेच. तो चिरका आवाज कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. तन्मयीचे कान तापले.

आता यात नवल ते काय! पहिलीपासून या वर्गात पाढे सुरात, कविता सुरात, 'कळलं का?' म्हटलं की 'होऽऽ मॅडम' तेही सुरात. एकाचं नाव घेऊन विचारलं तरी सगळ्यांनी ओरडायचं, ही शाळेची रीतच होती. आणि जो अडेल त्याला तन्मयी सांगणार, हीसुद्धा. मॅडमनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट वर्ग कसा जिवंत वाटायचा.

"यात निहाल कुठे आहे?" तिने विचारलं.

"गजरात आहे. सगळ्यांच्या किंचित मागे. मला ज्या वर्गांमध्ये तयार केलं तिथे एका वेळी एकच मूल बोलायचं. इथे सगळेच बोलतात, तेव्हा सगळ्यांना येतं असं मी धरलं. ही माझी चूक आहे."

"म्हणजे ताप बघायची कांडी माझ्या तोंडात, आणि सगळा वर्ग ठणठणीत!"

"नेमकं तसंच."

"अरे माठा! पण त्यांनीही रोज शब्द ऐकलाच ना? तोंडाने म्हटला ना? मग यायला नको?"

"आपण हा व्हरांडा रोज बघता. तिथल्या घड्याळावर आकडे आहेत की रेघा? डोळे मिटून सांगा."

तन्मयीने डोळे मिटले. सहा वर्षं ती त्या घड्याळाखालून जात होती. "आकडे... नाही, रेघा. थांब. आकडेच."

"जाऊन बघा."

ती धावत जाऊन आली. घड्याळावर होते नुसते ठिपके. तिचा चेहरा असा झाला की माठोबाला चेहरा असता तर तो हसला असता.

"समोर आलं की कळणं म्हणजे ओळख," माठोबा म्हणाला. "समोर नसताना डोक्यातून शोधून बाहेर काढणं म्हणजे स्मरण. तण्णीर ऐकलं की निहाल ते ओळखतो. पण शोधायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. त्याने शोधायला सुरुवात करण्याआधीच उत्तर हजर असायचं."

"मी मदत करत होते त्यांना!" तन्मयीचा आवाज एकदम बारीक झाला.

"हो. फार तत्परतेने."

तिला असा राग आला की त्या माठाला एक लाथ घालावी. पण राग माठोबावर की स्वतःवर, हे तिलाच नीट ठरवता येईना. जेवणाचा डबा तसाच टाकून ती शिक्षकांच्या खोलीकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, आवाजही ऐकले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "घ्या! म्हणजे यंत्र बरोबर, मुलं बरोबर, मी बरोबर, आणि तरी सगळं मुसळ केरात! आता एवढ्या पोरांची तोंडं मी कशी बंद करू, सांग बाई?"

पण त्यांनी केली. दुसऱ्या दिवसापासून नवा नियम लागला. माठोबा ज्याचं नाव घेईल त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी उत्तर मनात शोधायचं आणि मॅडमनी टेबलावर टकटक केल्यावरच वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग सवयीने ओरडला आणि मॅडम त्याहून मोठ्याने ओरडल्या. भिंतीवरचे दिवे पटापट पिवळे झाले, मग लाल झाले. संध्याकाळपर्यंत भिंतीवर मिरच्या वाळत घातल्यासारखं दिसू लागलं. कोमल तर रडकुंडीला आली. "आपल्याला काहीच येत नव्हतं," ती म्हणाली.

"येत नव्हतंच," मॅडम म्हणाल्या. "निदान आता खरं तरी दिसतंय."

सगळ्यात जास्त हाल तन्मयीचे. निहाल उत्तर शोधायला बसला की पंख्याकडे बघत बसायचा, आणि इकडे हिच्या ओठांवर शब्द आलेला! पाण्याच्या बाटलीचं टोपण चावून चावून तिने त्याचा पार चोथा केला. 'अरे बोल की रे बाबा' असं शंभरदा मनात यायचं. पण निहाल बोलायचा. उशिरा बोलायचा, पण स्वतःचं बोलायचा, आणि मग असा हसायचा की चिडायचंही राहून जायचं.

स्वतःच्या शब्दांची मात्र तिला काही फिकीर नव्हती; टकटक झाली तरी ती वही कोरीच ठेवायची. "मला सगळं येतं, माझी पाळी दुसऱ्यांना दे," तिने माठोबाला बजावलं होतं. "ते हिताचं नाही," माठोबा म्हणाला. "तू गप रे," ती म्हणाली.

पंधरवडा संपला आणि पूंगोदै टीचर पुन्हा आल्या. या वेळी वर्गातल्याच मोठ्या पडद्यावर आल्या, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, घरात जेवायला बसलं की चार माणसं बघतातच, तेव्हा सवय हवी. मॅडम कोपऱ्यात पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

पहिलं नाव निहालचं निघालं. "साप्पिडलामा?" टीचरनी विचारलं. म्हणजे, जेवूया का? निहालने पंख्याकडे बघितलं. मग तो सावकाश म्हणाला, "साप्पिडलाम. आना मुदल्ल तण्णीर वेणुम." जेवूया, पण आधी पाणी हवं! टीचर खळखळून हसल्या. मग कोमल बोलली, आणखी काहीजण बोलले. कुणी अडखळलं, कुणी हातवारे केले, पण कुणी गप्प बसलं नाही.

"तन्मयी," टीचर म्हणाल्या. "रॉकेट्टुल एन्न इरुक्कु?"

रॉकेटमध्ये काय आहे? एवढा सोपा प्रश्न! बी आहे, आमचं बी. तन्मयीने तोंड उघडलं आणि शब्दच नाही. बी. बी म्हणजे... पहिल्याच आठवड्यात शिकलेला शब्द, तिचा सगळ्यात लाडका, आणि या पंधरवड्यात एकदाही विचारू न दिलेला. डोक्यात नुसता खडखडाट. आपल्यापायी सगळ्यांचं जाणं बुडणार!

तिने वर्गाकडे बघितलं. सगळ्यांना येत होतं. निहालचे गाल फुगले होते, कोमलने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, मागच्या बाकावरची पोरं नुसती चुळबुळत होती. पण एकानेही तोंड उघडलं नाही. इतका वेळ एवढी सगळी पोरं तिच्यासाठी गप्प बसलीत, हे बघून तिला एकदम भरून आलं.

मग येत होते तेवढे शब्द जुळवून म्हणाली, "मरंदुट्टेन, टीचर. तिरुंब सोल्लुंग." मी विसरले. पुन्हा सांगा.

"विदै," टीचर म्हणाल्या.

"विदै!" तन्मयी म्हणाली. "रॉकेट्टुल विदै इरुक्कु. ज्वारी!"

टीचर दुभाष्या लावून मॅडमकडे वळून म्हणाल्या, "पाठवा सगळ्यांना. जे मूल विसरलं म्हणून सांगतं आणि पुन्हा विचारतं, ते माझ्या गावात उपाशी राहणार नाही. या पोरीला माझ्याच घरी पाठवा."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मॅडमनीसुद्धा टेबलावर हात आपटले. तो जरा ओसरल्यावर टीचर निरोप घेऊ लागल्या. "या लवकर. तुमचं ते बी उडताना बघायला या, ते... काय बरं म्हणालीस तू? तुमच्या भाषेत..." त्या कपाळाला बोट लावून थांबल्या.

तन्मयीच्या अगदी जिभेवर शब्द आला होता. तिने ओठ घट्ट मिटले. मागे अख्खा वर्ग तसाच गप्प उभा होता. सगळे पडद्याकडे बघत वाट पाहत राहिले.

"ज्... ज्वा... ज्वारी!" पूंगोदै टीचर ओरडल्या, आणि लहान मुलीसारखं स्वतःलाच टाळी देऊन हसल्या.