अक्कानं इंजिन थांबवलं

“घे, केली सही,” असं म्हणून दैवशालानं कागद कल्याणच्या ताटाशेजारी ठेवले, आणि तिचा धाकटा भाऊ हातातली भाकरी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला... दोन वर्षांनी तो या घरात जेवायला बसला होता. दोन वर्षांपूर्वी हेच कागद घेऊन तो तिच्यापुढे उभा राहिला होता, जिनिंगच्या पत्र्यांवर सोलरच्या प्लेटा बसवू आणि बापाच्या काळातलं डिझेलचं इंजिन कायमचं बंद करू म्हणून. तेव्हा याच बहिणीनं ते त्याच्या अंगावर भिरकावले होते!

“अक्का, खरंच? मंग तवा कामून न्हाई म्हणली?”

“तवा न्हाई म्हणले, आता हो म्हणून राह्यले. जेव गप.”

वाढता वाढता थबकलेल्या शीतलच्या, म्हणजे कल्याणच्या बायकोच्या, चेहऱ्यावरचं नवल दैवशालानं बरोबर टिपलं. चेहरे आणि ओठ वाचायची तिला सवयच झाली होती. कानांवर तिचा भरवसा कधीचाच उरला नव्हता, आणि ही गोष्ट या घरात तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

वडील रामराव गेले तेव्हा दैवशाला एकोणीस वर्षांची होती आणि कल्याण आठ. आई त्याआधीच गेलेली. कुंभार पिंपळगावच्या शिवेवरचं ते लहानसं जिनिंग, कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधणारं, विकून टाका म्हणून भाऊबंद सांगत होते. पण पोरीनं पदर खोचला आणि हँडल मारून इंजिन सुरू केलं. बाईमाणूस इंजिन चालवतं म्हणून लोक बघायला आले, हसले, आणि हंगाम सरेपर्यंत त्यांच्याच कापसाच्या गाड्या तिच्या दाराशी रांगेत लागल्या! लाईट दिवसातून दहादा जायची, म्हणून इंजिन धडधडत राहायचं आणि ती त्याच्या उशाशी उभी. कानात रुईचे बोळे कोंबायची. पण रुई ती, अडवून अडवून किती अडवणार?

कल्याण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, की या आवाजातून बाहेर पडलात तर उरलंसुरलं वाचेल. तिनं मान हलवली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येऊन पुन्हा इंजिनापाशी उभी राहिली. भावाची दोन वर्षं अजून बाकी होती ना! आष्टीहून आलेलं चांगलं स्थळही तिनं आपणच परतवलं. भावाच्या पदवीवर आपल्या कानांचं ओझं नको, एवढाच त्या मानी जिवाचा हट्ट... आणि तो तिनं कुणाला कधी कळू दिला नाही. फोन ती कानाला लावत नसे, भागवत मुकादमापुढे धरून म्हणायची, “काय म्हणतो ते सांग मला.” मागून हाक मारली तर वळत नसे. गावानं तिला गर्विष्ठ ठरवलं, तर तिनं तेही पदरात बांधून घेतलं. कीव करवून घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं.

इंजिनाच्या धडधडीत तिचं गुपित सुखरूप होतं, कारण तिथं कुणालाच काही ऐकू येत नसे. सगळे हातांनी बोलत. मूठ मिटली की थांबवा, तळहात डोक्यावर गरगर फिरवला की सुरू करा, तोंडाशी पाच बोटं नेली की जेवणाची सुट्टी. लहानगा कल्याण शाळेतून भाकरी घेऊन यायचा तेव्हा तिच्या पुढ्यात उभा राहून छातीवर दोनदा थाप मारायचा, म्हणजे ‘मी आलो’! इंजिन बंद झालं की ही सगळी माणसं तोंडानं बोलायला लागणार, आणि मग बहिरी उरणार ती एकटी दैवशाला. म्हणून तर तिनं कागद भिरकावले होते. “तुला माझ्याहून इंजिन प्यारं हाय,” असं म्हणून कल्याण तेव्हा ताटावरून उठला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन जालन्याला राहायला निघून गेला. ज्याच्यासाठी कान दिले, तो भाऊ जाताना ‘जातो’ एवढंसुद्धा म्हणाला नव्हता... हे शल्य दोन वर्षं तिच्या काळजात सलत होतं.

मग आता सही का केली? तर बेबीनंदामुळे. इंजिनाच्या खोलीला लागून सरकी भरणारी ही तरणी बाई एके दिवशी तिच्यापुढे येऊन हसत हसत सांगू लागली, “अक्का, काल लेकरू पाळण्यात रडून रडून झोपलं बगा. मी चुलीपाशीच व्हते. शेजारीण येऊन बोलली तवा कळलं मला.” दैवशालाला हसू आलं नाही. तिलाही पहिल्यांदा दाराची कडी ऐकू यायची थांबली होती. त्याच दुपारी तिनं भागवतकरवी भावाला निरोप धाडला. आपलं झाकलेलं उघडं पडेल, लोक हळहळतील, भाऊ अपराध्यासारखा तोंड लपवील... होऊ दे! या माउलीला आपल्या लेकराचं रडणं ऐकू आलं पाहिजे.

कल्याणनं पावसाळाभर स्वतः उभं राहून काम करून घेतलं. पत्र्यांवर प्लेटांच्या रांगा लागल्या, प्रत्येक यंत्राला आपापली मोटर बसली, आणि रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून वर बघू लागले. दैवशाला रोज एकदा रस्त्यापलीकडे जाऊन ते छत डोळे भरून बघून यायची.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. त्या पूजेपुरतं इंजिन शेवटचं चालवलं होतं. दैवशालानं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आपल्याच हातानं त्याचं डिझेल तोडलं. तळपायांखालची थरथर मंद झाली... आणि थांबली. सत्तावीस वर्षांची सोबत होती ती! पदराच्या टोकानं इंजिनावरची धूळ पुसताना तिला समोरच्या भिंतीचं भान उरलं नाही, मग पाठीमागचं कुठून असणार?

तिनं मान वर केली तेव्हा समोर उभ्या बेबीनंदाचा चेहरा उतरलेला होता. शेजारच्या बायकाही खाली बघत होत्या. दैवशाला सावकाश वळली.

मागे, दहा पावलांवर, कल्याण उभा होता. चेहरा लाल, डोळ्यांत अपमान. त्यानं हाका मारल्या असणार, भरल्या जिनिंगात, चारचारदा, आणि ती वळली नव्हती! तो तोंड फिरवून निघालाच होता. पण भागवतनं त्याचा दंड धरला. म्हाताऱ्या मुकादमाचे ओठ तिला लांबूनही वाचता आले.

“राग न्हाई त्यो, दादा. अक्कांना ऐकूच येत न्हाई. हितल्या समद्यांना ठावं हाय, कितीक सालापासून. म्हणून तर आमी त्यांच्या म्होरं येऊन बोलतो.”

“मंग मला कुणीच कसं सांगितलं न्हाई?”

“त्यांनी सांगितलं न्हाई, मंग आमी कसं सांगावं?”

म्हणजे यांना ठाऊक होतं... आणि इतकी वर्षं एकानंही कीव केली नव्हती! दैवशालाचे डोळे भरून आले. तेवढ्यात कल्याण तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तिला कळावं म्हणून तो एकेक शब्द सावकाश बोलला.

“अक्का, दोन सालामागं, जालन्याला गेलो त्या सकाळी मी हितं आल्तो. तू इंजिनापाशी व्हतीस, इंजिन अजून बंदच व्हतं. तुझ्या पाठीमागं उभं राहून माफी मागितली मी. म्हणलं, एकदा वळून बघ. न्हाई वळलीस तर जातो. तू वळली न्हाईस... म्हणून मी गेलो.”

“आल्तास तू?” दैवशालाचा आवाज फुटला. “मला वाटलं, न सांगताच गेलास रे...”

“आल्तो, अक्का. पन कामून लपवलंस माझ्यापासून?”

“तवाच सांगितलं असतं तर तू कालिज सोडून हँडल मारायला आला असतास.”

तो खरोखरच आला असता, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं तिचे हात आपल्या डोळ्यांना लावले. त्याच्या खांद्यामागे शीतल पदर डोळ्यांशी धरून उभी होती, आणि तिचे ओठ पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “वन्सं, मी तुम्हाला गर्विष्ठ समजले...”

“रडू नगा,” दैवशाला म्हणाली आणि तिनं मान ताठ केली. “अन् कल्याण, माझे कान गेले म्हणून खाली बघू नगंस. वर बघ, पत्र्यावर. ते बघ माझे कान, उन्हात चमकून राह्यलेत. बिलकुल वाया न्हाई गेले.”

कल्याणनं डोळे पुसले. मग दोन पावलं मागे सरून, पस्तीस वर्षांचा तो इंजिनिअर सगळ्या गावादेखत तिच्यापुढे नीट उभा राहिला आणि त्यानं छातीवर दोनदा थाप मारली.

दैवशालानं हात उंच करून तळहात डोक्यावर गरगर फिरवला. कल्याणनं बटण दाबलं. यंत्रं फिरू लागली, पांढरीशुभ्र रुई बाहेर पडू लागली, आणि तिच्या तळपायांना एक नवी, हलकी थरथर जाणवली. यंत्रांची घरघर आता इतकी मऊ होती, की शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येत होतं.

दुपारी बेबीनंदा सरकीची पाटी खाली ठेवून उठली, दैवशालाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, आणि पाच बोटं तोंडाशी नेऊन तिनं जेवणाची सुट्टी विचारली.